दुकानात कॉम्प्युटर एक, हात लावणारे पाच: कुणाला किती परवानगी द्यायची?

गूळ_रवा

मंडळी नमस्कार. मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. कॉम्प्युटर एकच, विंडोज ११ होम. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब), जीएसटी, बँक, सगळं त्याच्यावरच. बसणारी माणसं अशी: मी, वडील, ते फक्त खात्यातली शिल्लक बघतात आणि व्हॉट्सॲप वेबवर सौद्याचे भाव टाकतात, दिवाणजी, बिलं मारायला एक मुलगी, आणि दुकान बंद व्हायच्या टायमाला भाचा. तो येतो "मामा, प्रोजेक्ट करायचाय" म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी टास्कबारवर दोन नवीन चित्रं दिसतात.

लॉगिन सगळ्यांचं एकच, दुकानाच्या नावाचं. पासवर्ड मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर चिकटवलेला. कॉम्प्युटर घेतला तेव्हापासनं असंच चाललंय आणि यार्डात शेजारपाजारी पण असंच आहे. परवा मागच्या हंगामाच्या पट्ट्यांचं फोल्डर गायब झालं. अर्धा दिवस शोधाशोध, शेवटी 'न्यू फोल्डर' नावाच्या फोल्डरात सापडलं. कुणी हलवलं? कुणीच नाही. लॉगिनच एक म्हटल्यावर विचारणार कुणाला!

मला पाहिजे ते असं. दिवाणजींना टॅली आणि पट्ट्या पूर्ण मोकळ्या. मुलीला बिलं मारता यावीत, जुन्या पट्ट्या नुसत्या बघता याव्यात, पुसता येऊ नयेत. वडिलांना त्यांच्या दोन खिडक्या. भाच्याला यातलं काही दिसूच नये. आणि महत्त्वाचं म्हणजे दिवाणजींना वाईट वाटता कामा नये. आजोबांच्या वेळेपासनं आहेत ते.

निवांत_गडी

भाच्याला वेगळा लॅपटॉप घेऊन द्या. विषय संपला, धागा बंद करा. 😄

उद्यमनगरी

निवांतराव, मार्केट यार्डात पैसा आहे, पण भाच्यापुरता नसतो.

गूळ_रवा, कुणाला किती द्यायचं ते नंतर बघू, आधी तुमच्याकडचं काढा. तुम्ही रोज ज्या खात्यात बसता ते ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार असलेलं, नको. मालक तुम्हीच, ॲडमिन पण तुम्हीच, पण त्याचं खातं वेगळं आणि त्यात रोज बसायचं नाही.

कारण सांगतो. ॲडमिन खात्यात बसून एखादी खोडसाळ फाईल उघडली तर विंडोज फक्त होय की नाही एवढंच विचारतं. दिवसातनं चार वेळा विचारलं की हात आपोआप 'होय'वर जातो. स्टँडर्ड, म्हणजे साध्या खात्यात तीच गोष्ट झाली तर ॲडमिनचा पासवर्ड मागतं. टाइप करायला लागलं की माणूस निदान वाचतो तरी वर काय लिहिलंय. हा विचारणारा पडदा २००७ मध्ये विंडोज विस्टाबरोबर आला. तेव्हा लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की बरेच जण तो बंदच करून ठेवायला शिकले. त्याआधी विंडोज एक्सपीत बसवतानाच केलेलं खातं म्हणजे ॲडमिनच, आणि आपल्याकडच्या निम्म्या सवयी तिथल्याच.

क्रम मात्र सांगतो तसाच ठेवा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. ईमेल मागेल. खाली, या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची बारीक ओळ असते, ती दाबा. पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडायची ओळ येईल. नाव काहीही ठेवा, आमच्या कारखान्यात 'कारभारी' ठेवलंय. नवीन खातं जन्माला येतं ते स्टँडर्ड म्हणूनच. चेंज अकाउंट टाइपमध्ये जाऊन ह्या एकाच खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. मग साइन आउट करा आणि कारभारीत खरोखर शिरून बघा. पासवर्ड चालला, सेटिंग्ज उघडली, एवढं झालं की मगच दुकानाचं जुनं खातं स्टँडर्डवर आणा. आधी जुन्याचा अधिकार काढला आणि नव्याचा पासवर्ड ठेवताना एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं असलं, तर कॉम्प्युटर तुमचा आणि अधिकार कुणाचाच नाही.

आणि एक. दुकानाचं जुनं खातं दिवाणजींनाच देऊन टाका. त्यांचा डेस्कटॉप, चित्रं, टॅलीचा शॉर्टकट जिथल्या तिथं राहतोय. नवीन घरात राहायला जायचं ते तुम्ही, मुलगी, वडील आणि भाचा. दिवाणजींना काही बदललंय असं वाटणारच नाही.

डीटीपीवाली

वरचं सगळं पटलं, फक्त जुनं खातं दिवाणजींना देण्याआधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एकदा उघडून बघा. बँकेचं, जीएसटीचं, तुमच्या खासगी ईमेलचं, सगळं तिथंच बसलेलं असणार. व्हॉट्सॲप वेब पण लॉगआउट करा, नाहीतर तुमच्या घरचे मेसेज दिवाणजी वाचत बसतील.

पेठेतला

मी जरा वेगळं बोलतो. ज्या माणसानं तीन पिढ्या हिशेब सांभाळला त्याला म्हणायचं, हे तुमचं खातं, एवढंच बघायचं, एवढंच करायचं? आमच्या मंगळवार पेठेत असलं केलं तर माणूस दुसऱ्या दिवशी चप्पल घालून निघून जाईल. कॉम्प्युटरच्या परवानग्या ठीक आहेत, पण धंदा विश्वासावर चालतो. लई नियम लावले की माणसं तुटतात.

सीए_होता_होता

पेठेतला, दादा, मला नेमकं उलटं वाटतं. पट्ट्यांचं फोल्डर हरवलं तेव्हा पाच जणांवर संशय आला, त्यात दिवाणजी पण आले. तोंडानं कुणी म्हटलं नसेल, पण आले. लॉगिन वेगळं असतं तर ते पहिल्या मिनिटाला मोकळे झाले असते. गल्ल्याची किल्ली एकाकडं असली की रात्री रक्कम जुळली नाही तरी बाकीचे चौघे निवांत झोपतात. वेगळं खातं हे त्यांच्या अब्रूसाठीच आहे, असं सांगितलं तर तेच पहिल्यांदा मागतील.

आर्टिकलशिपमध्ये (सीएच्या उमेदवारीत) बघते ना मी, गडबड करणारा माणूस नेहमी म्हणतो "माझ्या लॉगिनवरनं कुणीतरी केलं असेल". आणि एकच लॉगिन असेल तर त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

पेठेतला

हां, हे बोलणं पटतंय. पण सांगायची पद्धत बघून सांगा बाबा. आणि मालकानं स्वतःचे अधिकार आधी कमी केले, हे दिवाणजींच्या देखत करा.

पेंग्विन_पन्हाळा

लिनक्स टाका. उबुंटूत २१.०४ पासून नवीन खात्याचं घरचं फोल्डर दुसऱ्या साध्या खात्याला उघडतच नाही, रूट ह्या सर्वाधिकारी खात्यानं थेट शिरता येत नाही, पहिल्या माणसाला सुडो (ॲडमिनचा अधिकार) मिळतं, बाकीच्यांना नाही. तीस वर्षं युनिक्सवाले हेच करत आलेत.

निवांत_गडी

आला बघा. मी वाटच बघत होतो.

सीए_होता_होता

पेंग्विनदादा, टॅली?

पेंग्विन_पन्हाळा

...बरं. चालू द्या तुमचं.

गूळ_रवा

रविवारी दुकान बंद असताना बसलो. कारभारी केलं, शिरून बघितलं, मग जुनं स्टँडर्ड केलं. दिवाणजींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, त्यांच्या देखतच केलं (पेठेतला, आभार). चौघांची नवीन खाती झाली.

पण एक घोळ आहे. भाच्याच्या खात्यात शिरून बघितलं. सी ड्राइव्हवर दिवाणजींच्या डेस्कटॉपला हात लावायला गेलो तर परवानगी नाही म्हणतंय, म्हणजे ठीक. पण डी ड्राइव्ह सताड उघडा! पट्ट्या दिसतात, टॅलीचं डेटा फोल्डर दिसतं. एक रिकामी फाईल करून ठेवली होती दिवाणजींच्या खात्यातनं, ती भाच्याच्या खात्यातनं पुसली गेली पण. मग ही खाती करून उपयोग काय झाला?

उद्यमनगरी

बरं झालं तुम्ही बघितलंत, बहुतेक लोक खाती करतात आणि तिथंच थांबतात.

विंडोज प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर करतं ते सी ड्राइव्हवर युजर्सच्या आत, आणि तेवढंच आपोआप खासगी असतं. त्याच्या बाहेर जे काही तुम्ही हातानं केलंय, ते सगळ्यांचं. डी ड्राइव्ह एनटीएफएस ह्या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीनं फॉरमॅट झाला की त्याच्या मुळाशी 'ऑथेंटिकेटेड युजर्स' ह्या मंडळींना मॉडिफाय मिळतं. ऑथेंटिकेटेड युजर्स म्हणजे पासवर्ड टाकून आत आलेला कुणीही. मॉडिफाय म्हणजे वाचणं, लिहिणं आणि पुसणं, तिन्ही. थेट सीच्या मुळाशी नवीन फोल्डर केलंत तरी जवळपास तीच गत. आपल्याकडं तर सवयच आहे, विंडोज उडाली तरी डेटा राहावा म्हणून सगळं डीवर ठेवायचं. विंडोज उडण्यापासनं तो वाचतो, भाच्यापासनं नाही.

आता उपाय. कारभारी खात्यात शिरा. डीवर पट्ट्यांच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, खाली ॲडव्हान्स्ड. तिथं 'डिसेबल इनहेरिटन्स' असं बटण आहे, म्हणजे वरच्या ड्राइव्हकडनं वारशानं आलेल्या परवानग्या तोडायच्या. दाबल्यावर दोन पर्याय विचारतं. वारशातल्या परवानग्या ह्या फोल्डरच्या स्वतःच्या करून ठेवायच्या, तो पहिला निवडा. दुसरा निवडलात तर यादी रिकामी होते आणि मग पळापळ. आता यादीतनं ऑथेंटिकेटेड युजर्स आणि युजर्स ह्या दोन ओळी काढा. सिस्टम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स ह्या दोघांना अजिबात हात लावू नका. मग ॲड करून दिवाणजींच्या खात्याला मॉडिफाय, मुलीच्या खात्याला नुसतं रीड अँड एक्झिक्यूट. तुमचं रोजचं खातं पण इथं आठवणीनं घाला, नाहीतर मालकालाच पट्टी दिसणार नाही. वडिलांना पट्ट्या लागत नसतील तर त्यांचं नाव नको. भाच्याचं तर नकोच.

'डिनाय'चा खण दिसेल तिथं. मोह होईल, भाच्याला डिनाय टाकावं. टाकू नका. ज्याला काही द्यायचं नाही त्याचं नाव यादीत नसलं की काम झालं. डिनाय हा हो म्हटलेल्यावर मात करतो, आणि चुकून तो 'युजर्स' किंवा 'एव्हरीवन' ह्या गटाला लागला की दिवाणजी, तुम्ही, कारभारी, सगळे एकदम बाहेर.

झालं की त्याच ॲडव्हान्स्ड खिडकीत वर 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाचा टॅब आहे. भाच्याचं नाव निवडायचं आणि बघायचं, काय दिसतंय. हिरव्या खुणा नसल्या पाहिजेत. लोकांना हा टॅब माहीतच नसतो, प्रत्येक खात्यात शिरून तपासत बसतात.

पेनड्राइव्हवर मात्र ह्यातलं काही चालत नाही. तो फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला की परवानग्या नावाची गोष्टच तिथं नसते. पट्ट्यांची नक्कल पेनड्राइव्हवर काढून ड्रॉवरमध्ये टाकून देत असाल तर वरची सगळी मेहनत ड्रॉवरच्या कुलपावर अवलंबून.

डीटीपीवाली

फाईल हलवणं आणि नक्कल करणं यातला फरक पण सांगून ठेवते. एकाच ड्राइव्हवर फाईल कट करून दुसरीकडं टाकली तर ती जुन्या परवानग्या घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या लागतात. आमच्याकडं एकीनं स्वतःच्या डेस्कटॉपवरनं लग्नपत्रिकेची फाईल कट करून सगळ्यांच्या फोल्डरात टाकली. फाईल सगळ्यांना दिसते, उघडते फक्त तिलाच. तिचा मोबाईल लागेना आणि गिऱ्हाईक समोर उभं.

आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास. २०१८ च्या अपडेटपासनं विंडोज १० मध्ये फाँट स्वतःच्या खात्यापुरता बसवता येतो, ॲडमिन लागत नाही. सोयीचं वाटतं. पण सकाळच्या पाळीच्या मुलीनं पत्रिकेसाठी नवा फाँट असा टाकला, संध्याकाळच्या मुलानं आपल्या खात्यात तीच फाईल उघडली, तर 'चि. सौ. कां.' च्या जागी भलतंच वळण. त्याला वाटलं फाईल खराब झाली. फाँट त्याच्या खात्यात नव्हताच. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' घ्यायचं. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तेवढा एकदा द्यायचा.

शिरोली_शिफ्ट

वर्कशॉपमधला प्रश्न. आमचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचं जुनं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर स्टँडर्ड खात्यात उघडतच नाही. ॲडमिन म्हणून चालवलं की पळतं. बसवून देणारा म्हणतो, ऑपरेटरला ॲडमिन करून टाका, कटकट मिटेल.

उद्यमनगरी

नका करू. असली जुनी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये काहीतरी लिहायला बघतात, आणि तिथं स्टँडर्ड खात्याला लिहिता येत नाही. त्या एका सॉफ्टवेअरच्या फोल्डरवर ऑपरेटरच्या खात्याला मॉडिफाय द्या, अख्ख्या मशीनवर नको. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं.

आता ह्याच्यातली एक वेगळीच गंमत सांगतो, कारण अडत दुकानातही जुनं बिलिंग असतंच. काही जुन्या ३२ बिट सॉफ्टवेअरना विंडोज नाही म्हणत नाही. त्यांनी प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला घेतलं की ते गुपचूप त्या त्या खात्याच्या आत, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर अशा फोल्डरात लिहून ठेवतं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण आपल्याच जागी लिहिलं. एकच लॉगिन असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. खाती वेगळी केली की प्रत्येकाचा डेटा वेगळा! आमच्या ओळखीच्या फाउंड्रीत दोन कारकुनांनी आपापल्या खात्यातनं चलनं काढली, दोघांचे नंबर एकच. गेटवर गाडी अडली तेव्हा कळलं. तेव्हा जुनं काही असेल तर खाती वेगळी करायच्या आधी व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा, त्यात फायली सापडल्या तर डेटाची जागा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधनं डीवर हलवा, मग पुढं जा.

सीए_होता_होता

टॅलीचं राहिलं. तुमच्यासारखं एकाच मशीनवर टॅली असेल तर जो टॅलीत एंट्री करतो त्याच्या विंडोज खात्याला डेटा फोल्डरवर लिहायची परवानगी लागतेच. म्हणजे मुलीला तिथं नुसतं वाचायला देऊन चालणार नाही, बिलच सेव्ह होणार नाही. याचाच दुसरा अर्थ, टॅली न उघडता ते अख्खं फोल्डर ती पुसू शकते. मुद्दाम कशाला करेल, पण चुकून.

म्हणून दोन ठिकाणी बंदोबस्त. टॅलीच्या आत कंपनी आल्टरमध्ये, कंपनीच्या डेटावर युजरचा ॲक्सेस नियंत्रित करायचा का, ते 'यस' करा. मग युजर आणि त्यांच्या भूमिका ठरवता येतात. मुलीला व्हाउचर टाकता येईल पण बदलता-पुसता येणार नाही, ताळेबंद दिसणार नाही, मागच्या तारखेची एंट्री किती दिवसांपर्यंत चालेल, हे सगळं तिथं ठरतं. मागच्या तारखेची मुदत तर नक्की लावा, मार्च एंडला आमचं आयुष्य त्यानं वाढतं.

टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड वेगळा असतो, तो डेटाच कुलूपबंद करतो. तो विसरला तर डेटा गेला, कुणीच काढून देऊ शकत नाही. विचार करून लावा.

कुणी विचारायच्या आधी सांगते: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना लागू आहे. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी दुकानाला तो बंधनकारक नाही. पण टॅलीची एडिट लॉगवाली आवृत्ती वापरायला कुणी अडवलेलं नाही.

मुक्काम_पुणे

बॅकअपवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो ज्या खात्यात घुसला त्या खात्याला जेवढं पुसता येतं, तेवढं तो कुलूपबंद करतो. दिवाणजींच्या खात्यात आला की पट्ट्या, टॅली आणि त्यांना लिहिता येतो तो बॅकअप, सगळं जाणार. म्हणून बॅकअपचं फोल्डर असं ठेवा की तिथं फक्त कारभारीला लिहिता येतं. त्याहून बरं म्हणजे बाहेरची डिस्क, काम झालं की काढून कपाटात.

दुसरं, आणि हे लोकांना फार उशिरा कळतं. विंडोजच्या परवानग्या विंडोज चालू असेपर्यंतच. कुणी पेनड्राइव्हवरनं लिनक्स चालू केलं की त्या परवानग्यांना विचारतो कोण.

पेंग्विन_पन्हाळा

😎

मुक्काम_पुणे

तुम्हाला उद्देशून नव्हतं. तर, त्याला उत्तर म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे अख्खी डिस्कच कुलूपबंद करणं. विंडोज होममध्ये बऱ्याच नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं शिरलं की ते आपोआप चालू होतं आणि त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायची किल्ली, त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. आता मशीन विकत घेताना ते चालू करून कुणी दिलं? दुकानातल्या पोरानं. कुणाच्या ईमेलनं? बऱ्याचदा त्याच्याच! उद्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर निळा पडदा येऊन ४८ आकडी की मागितली, तर ती त्या पोराच्या खात्यात, आणि तो पोरगा नोकरी सोडून गेलेला. माझ्या मेव्हण्याचं हेच झालं, कुठल्या दुकानात ते सोडून द्या. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये वर कुणाचं ईमेल दिसतंय ते आजच बघा. तुमचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्या खात्यात शिरून डिव्हाइसेसमध्ये की दिसते, ती कागदावर छापून घ्या.

राजारामपुरी_शिक्षिका

घरच्यासाठी विचारते. मुलगा सातवीत. त्याला स्टँडर्ड खातं दिलं, तरी तो गेम टाकतोच आहे. ॲडमिनचा पासवर्ड त्याला माहीत नाही, याची खात्री आहे.

उद्यमनगरी

ताई, स्टँडर्ड खातं मशीनमध्ये बदल करू देत नाही, पण स्वतःच्या फोल्डरात काही बसवलं तर ते अडवत नाही. बरीच सॉफ्टवेअर, अगदी क्रोम सुद्धा, ॲडमिनचा पासवर्ड नाही मिळाला तर त्या खात्यापुरती बसतात. मुलांसाठी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी बघा. त्याला मुलाचं वेगळं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. वेळ, ॲप, वेबसाइट ठरवता येतात. वेबसाइटची गाळणी लावली की क्रोमसारखे इतर ब्राउझर बंद पडतात आणि एजच वापरावा लागतो, त्यावरनं घरात एक भांडण होईल, तयारी ठेवा.

राजारामपुरी_शिक्षिका

भांडणाची सवय आहे. धन्यवाद.

गूळ_रवा

इफेक्टिव्ह ॲक्सेस बघितलं, भाच्याच्या नावापुढं सगळ्या लाल फुल्या. पट्ट्यांवर मुलीला नुसतं वाचता येतंय. टॅलीत यस केलं, दिवाणजींनी स्वतःच मुलीची मुदत तीन दिवसांची ठेवली, मी सात म्हणत होतो. अकाउंट्समध्ये ईमेल माझंच निघालं, रिकव्हरी की छापून वडिलांच्या लॉकरमध्ये.

दिवाणजींचं ऐका आता. सगळं झाल्यावर म्हणाले, "मालक, माझा पासवर्ड मी तुम्हाला पण सांगणार नाही. चालंल न्हवं?" मला काय बोलावं कळंना. चालतं का हे?

सीए_होता_होता

चाललंच पाहिजे! तुम्हाला माहीत असला तर "मालकानं माझ्या नावावर केलं" असं म्हणायला ते मोकळे. शहाणे आहेत दिवाणजी.

उद्यमनगरी

बरोबर. ते विसरले तर कारभारीतनं बदलून देता येतो, त्यांचं खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलचं नसेल तर. फक्त दुसऱ्यानं बदलला की त्या खात्यात साठवलेले काही पासवर्ड जातात, आणि कुणी विंडोजनं फाईल एन्क्रिप्ट करून ठेवली असली तर ती पण उघडत नाही. तेव्हा उठसूट बदलू नका.

मुलगी कधी नोकरी सोडून गेली तर तिचं खातं लगेच डिलीट करू नका. सेटिंग्जमधनं डिलीट केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पण जातात, आणि निम्मी बिलं डेस्कटॉपवरच पडलेली असतात. आधी पासवर्ड बदला, हवं ते काढून घ्या, महिन्यानं डिलीट करा.

पेठेतला

वडिलांसाठी एक. बँकेतनं बोलतोय म्हणून फोन आला आणि स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला सांगितलं, तर स्टँडर्ड खातं काय उपयोगाचं नाही. समोरचा शिल्लक बघतोय, ओटीपी बघतोय. फोन ठेवायचा, एवढंच शिकवा. आमच्या गल्लीत दोघांना बसलाय फटका.

आणि टॅलीवाला किंवा दुसरा कुणी खरा माणूस लांबनं दुरुस्त करताना ॲडमिनचा पासवर्ड फोनवर सांगा म्हणाला तर सांगू नका, आपण टाका. त्याला तिथं बहुतेक वेळा काळा पडदा दिसतो, म्हणून तो विचारतो.

गूळ_रवा

हे बरं सांगितलंत, वडिलांना वाचून दाखवतो.

शेवटचं एक. प्रिंटर शेजारच्या आमच्याच गाळ्यातल्या मशीनला जोडलाय, तिथनं शेअर केलेला. माझ्या आणि दिवाणजींच्या खात्यातनं चालतो, भाच्याच्या खात्यात दिसतच नाही. प्रोजेक्ट छापायचाय म्हणतोय.

उद्यमनगरी

शेअर केलेला प्रिंटर ज्या खात्यातनं जोडला त्याच खात्यात दिसतो. भाच्याच्या खात्यात शिरून पुन्हा एकदा जोडायचा, दोन मिनिटांचं काम आहे. पण रंगीत आहे का प्रिंटर?

गूळ_रवा

रंगीत.

निवांत_गडी

मग दिसत नाही तेच बरं आहे की.

गूळ_रवा

व्हय, राहू दे तसंच.